बिल्ल्यांचा फळा

तेजो नदीच्या दक्षिण काठावरची ही गोदी
बावीस वर्षं बंद होती.
आता तिथे तिकीट आहे.
तिकीट म्हणजे नंबर कोरलेला पितळी बिल्ला.
येताना फळ्यावरून काढून घ्यायचा,
जाताना त्याच खिळ्याला परत अडकवायचा,
जसं कामगार करायचे तसं.
कल्पना माझी. कौतुकही झालं.

माझं काम पाट्या लिहिण्याचं.
एका पाटीला चाळीस शब्द, वर एकही नाही,
कारण माणूस एका वस्तूपुढे अकरा सेकंद थांबतो म्हणे.
अकरा-अकरा सेकंदांत मी बसवली
वाफेवरची यारी, रिव्हेट तापवायची भट्टी,
लोखंडाच्या किसाने करडे पडलेले सदरे
आणि ते रोज रात्री धुणाऱ्या बायका.
(बायकांच्या वाट्याला एकोणीस शब्द आले.)

ओलेगारियो आमचा वाटाड्या.
एकतीस वर्षं इथे पत्र्यांच्या सांध्यांवर हातोडा मारला,
डावा कान त्यातच गेला, उजवा जायच्या बेतात.
त्या ठोक्यांचा आवाज आम्ही हेडफोनमध्ये ठेवलाय,
सुरक्षित पातळीवर.
उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्याने तो लावून पाहिला,
काढून माझ्या हातात दिला, म्हणाला,
"चालू कर की."
चालूच होता.

दिवसभर तो लोकांना हसवतो.
पांढरे बूट घालून येणारा साहेब,
डांबराच्या पिंपात पडलेला साहेबाचा कुत्रा.
संध्याकाळी मात्र फळ्यापुढे उभा राहून
ओठ हलवत बिल्ले मोजतो,
तीनशे वीस,
आणि मगच टोपी घालतो.
मला वाटायचं, जुनी सवय.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी
दोनशे सातचा खिळा रिकामा.
"नेला असेल कुणीतरी आठवण म्हणून," मी म्हणाले.
दुकानात तसलाच चार युरोला मिळतो,
पण खऱ्याचा मोह वेगळा.
गल्ला बंद करता करता ग्रासिंदा म्हणाली,
"अडकवायचं विसरून घरी गेला असेल."
ओलेगारियोने तिच्याकडे पाहिलं.
"मुकादमही हेच म्हणाला होता,"
आणि भिंतीवरचा टॉर्च काढून चालायला लागला.

तो पुढे, मी मागे.
कोरड्या गोदीच्या शेवाळलेल्या पायऱ्या,
सुतारांचा माळा, जिथे आता मुलं कागदी होड्या करतात,
कॅफेमागची खोली, संडास,
मग धक्क्याला बांधलेलं ते मालवाहू जहाज
ज्याच्या पोटात उतरायला आम्हीच बंदी घातलीय.
त्याने तळटाकीचं झाकण सरकवलं,
वाकला,
आणि अंधारात हाक मारली, "फिर्मिनो!"

लोखंडाने हाक जशीच्या तशी परत पाठवली.
त्याला ती ऐकू आली नसावी,
कारण तो वाकलेलाच राहिला,
ओ द्यायला माणसाला लागतो तेवढा वेळ.
मग पुढची टाकी.
चौदा टाक्या होत्या. चौदाही पाहिल्या.

परतताना स्वतःच बोलला.
रंग लावायला उतरला होता, विसाव्या वर्षी.
झाकण लागलं. मुकादमाला सहाची बोट गाठायची होती.
"सकाळी पाहिलं तर झाकणाच्या आतला रंग
खरवडलेला होता."
त्याचा बिल्ला दोनशे सात नव्हता.
कुठला होता ते सांगितलं नाही,
आणि मी, जिचं कामच विचारण्याचं, विचारलं नाही.

दहा दिवसांनी रॉटरडॅमहून पाकीट आलं.
बिल्ला, आणि एका मुलाने काढलेली यारी,
चार पाय आणि मोठे मोठे डोळे असलेली.
चित्र ग्रासिंदाने गल्ल्यावर चिकटवलं.
ओलेगारियोने बिल्ला अंगठ्याने पुसून खिळ्याला लावला
आणि पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.

फळ्याची पाटी मी नव्याने लिहिलीय.
छप्पन्न शब्द होतात.
वरून दोनदा परत आली, सोळा कमी करा म्हणून.
रोज काढायला बसते.
कालपर्यंत एकही निघालेला नाही.